भाडं किती, डिपॉझिट किती... आणि खांब कसे?

पुण्यात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "गाव कुठलं?"
मी म्हणतो, सास्तूर.
"सातारा?"
नाही हो, सास्तूर. तालुका लोहारा. चेहरा कोरा. जिल्हा धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंतचं उस्मानाबाद. "अच्छा, अच्छा..." म्हणजे अजून काही कळलेलं नाही. मग नाइलाजाने शेवटचा पत्ता काढायचा : किल्लारीजवळ. की लगेच ट्यूब पेटते. "अरे, भूकंपवाले का तुम्ही?"

हो, भूकंपवाले! आता हा भूकंप मी पाहिलेला नाही. १९९३ साली माझे आई-वडीलच शाळेत होते. पण गावाला जी ओळख चिकटली ती चिकटली, त्याला कोण काय करणार? मला त्याचा राग येत नाही. उलट त्या ओळखीतून एक प्रश्न मला मिळाला आहे, जो शहरात आलेल्या प्रत्येक पोराने आणि पोरीने विचारायला हवा आणि कुणीच विचारत नाही. त्यासाठीच ही दोन-चार पानं खरडतोय.

तशी हॉस्टेलवाल्यांची दुःखं काय कमी आहेत? पीएमपीची बस स्टॉपच्या पन्नास पावलं अलीकडे किंवा पन्नास पावलं पलीकडे थांबते, स्टॉपवर थांबली तर आपण शर्यतच हरलो. मेसच्या डाळीत डाळ शोधणं हा एक स्वतंत्र प्रोजेक्ट होऊ शकतो. रूम पार्टनरचा अलार्म पहाटे पाचला वाजतो आणि तो सोडून सगळी विंग उठते. सबमिशनच्या आदल्या रात्रीच प्रिंटरची शाई संपते. सोलापूरमार्गे एस.टी.त अंग आंबवून, आईने दिलेला चिवड्याचा डबा मांडीवर सांभाळून हडपसरला उतरावं, तर रूमवर पोहोचल्यापासून अर्ध्या तासात डबा रिकामा. हे सगळं आपण हसत सोसतो. पुढे रियुनियनला याच गोष्टी सांगून हसणार आहोत.

पण एक संकट असं आहे की तिथं भल्याभल्यांचं हसू मावळतं. ते म्हणजे रूम शोधणं.

सगळ्यांनाच चारही वर्षं हॉस्टेल मिळत नाही. फर्स्ट इयरवाले आले की सिनियरांना बाडबिस्तरा उचलावा लागतो. मग सुरू होते यात्रा. एजंट नावाचा देवमाणूस दुचाकीवरून आपल्याला गल्लीबोळांतून फिरवतो आणि त्याबद्दल एका महिन्याचं भाडं घेतो. घरमालकाकडे गेलं की तोंडी परीक्षा. व्हेज का नॉनव्हेज? किती जण? मित्र येणार का? रात्री किती वाजता येणार? वडील काय करतात? गावी शेती किती? (हा प्रश्न कशासाठी असतो, हे मला आजवर कळलेलं नाही.) अकरा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही!

मग आपली पाळी. आपण विचारतो : पाणी किती वेळ येतं? गीझर आहे का? वायफाय चालतं का? गाडी कुठं लावायची? लाईट बिल वेगळं का? सगळे प्रश्न रास्त आहेत. पण घर, म्हणजे ज्याच्याखाली आपण रोज रात्री आठ तास निपचित पडणार आहोत ती वस्तू, उभी कशावर आहे, हे कोण विचारतं?

आमची आजी विचारते. गेल्या वर्षी रूम मिळाली म्हणून मी घरी फोन केला, तेव्हा तिनं भाडं विचारलं नाही, मेसचं विचारलं नाही. म्हणाली, "लेकरा, भिताड कशाचं हाय? वर वझं किती हाय?" फोन स्पीकरवर होता. पार्टनर लोक खो-खो हसले. 'वर वझं किती हाय' हा पुढे आठ दिवस आमच्या रूमचा डायलॉग झाला होता. कुणी दप्तर उचललं तरी, वर वझं किती हाय!

हसण्यासारखंच आहे ते. पण आजीचा प्रश्न कुठून आला, ते एकदा बघू.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, दमून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ६.२ मॅग्निट्यूडचा भूकंप. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि आमच्याकडचा तेव्हाचा उमरगा तालुका हा सगळ्यात जास्त फटका बसलेला पट्टा. सास्तूर त्यातच. आमच्याकडे आजही वयस्कर माणसं बोलताना काळाचे दोन भाग करतात, 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर'.

आता जरा इंजिनिअरिंगकडे येऊ. जगात ६.२ पेक्षा मोठे भूकंप किती तरी होतात, मग इथं एवढी माणसं का गेली? ती जमिनीने मारली नाहीत, घरांनी मारली. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. बाहेरून भक्कम दिसायच्या. पण आत काय? बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी रांग आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे, माती. दोन्ही रांगांना एकत्र बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे जाड दिसणारी ती एक भिंत मुळात दोन सुट्या भिंती होत्या, एकमेकींना टेकून उभ्या. हादरा बसला तशा त्या फाकल्या आणि ढासळल्या.

आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर फूट-दीड फूट माती, काही ठिकाणी त्याहून जास्त. मराठवाड्याच्या उन्हात माळवदासारखं थंड छप्पर नाही. पण पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरसाल वर नवी माती टाकायची, आणि जुनी कोण काढतंय? छप्पर वर्षागणिक जड होत गेलं. मी मेकॅनिकलचा आहे, मला सिव्हिलमधलं फार कळत नाही. पण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे तर आपण सगळेच अकरावीपासून घोकतोय! वर जेवढं वस्तुमान जास्त, तेवढा हादऱ्यात आडवा जोर जास्त. 'वर वझं किती हाय' हा न्यूटनचा दुसरा नियम आहे राव, फक्त आमच्या आजीच्या भाषेत.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. जाड भिंत आणि जाड माळवद ही ऐपतीची खूण होती. ज्याचा वाडा मोठा, त्याच्या डोक्यावर माती जास्त. कुडाची, पत्र्याची खोपटी त्या मानाने वाचली. जिथं माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती पडूनही कुठं कुठं सांगाडा उभा राहिला. म्हणजे घर भक्कम आहे की नाही हे त्याच्या दिसण्यावरून ठरत नव्हतं. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या 'भक्कम' समजून जे बांधलं, त्यानंच दगा दिला.

त्यात लोकांचा तरी काय दोष? भूकंपासाठी आपल्याकडे जे मानक आहे, आयएस १८९३, त्याच्या १९८४ च्या आवृत्तीत आमचा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा! २००२ च्या आवृत्तीत झोन एक काढूनच टाकला आणि आमचा भाग झोन तीनमध्ये गेला. त्याच नकाशात झोन तीनमध्ये आणखी एक गाव आहे. त्याचं नाव पुणे. दचकू नका. मुंबईसुद्धा त्याच झोनमध्ये आहे. आणि आपल्या राज्यात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही होऊन गेलेला आहे. तेव्हा 'भूकंपवाले' हा शब्द वापरताना पुणेकरांनी जरा सबुरीनं घ्यावं, एवढंच माझं म्हणणं!

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, तुमची घरं दगड-मातीची, आमच्या बिल्डिंगा आरसीसीच्या. तुमचं आम्हाला काय सांगतोस?

तर मग २६ जानेवारी २००१ आठवा. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, आणि तिथून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत आरसीसीच्या अपार्टमेंट कोसळल्या. त्यातल्या पुष्कळ इमारतींत एक गोष्ट सारखी होती. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती आणि खाली सगळं मोकळं पार्किंग. वरचा भाग भिंतींमुळे ताठ, पेटीसारखा. खालच्या मजल्यावर नुसते खांब. आपल्या मेसमधल्या लुकलुकणाऱ्या टेबलावर गोदरेजचं कपाट ठेवून टेबल हलवलं तर काय होईल? कपाटाला काही होणार नाही, टेबलाचे पाय मोडतील. याला सिव्हिलवाले 'सॉफ्ट स्टोरी' म्हणतात. नाव किती गोड आहे!

आता आपण जिथं जिथं रूम शोधतो त्या भागांतून एक चक्कर मारून या. खाली पार्किंग, वर बिल्डिंग. खाली पार्किंग, वर बिल्डिंग. प्रत्येक पार्किंगवाली बिल्डिंग धोक्याची असं मी म्हणत नाही. खांब त्या हिशोबाने धरले असतील, लिफ्टभोवती आरसीसीच्या भिंती असतील, खांबांतल्या रिंगांचे हूक आयएस १३९२० म्हणतं तसे १३५ अंशांत आत वळवले असतील, तर ती इमारत निवांत उभी राहील. प्रश्न एवढाच आहे की असतील का? ते कुणी बघितलं? आणि आपण कुणाला विचारलं?

आणि भूकंपाचंही सोडा. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ मुंब्र्यात बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची पाच मजली इमारत पडली, १६ जण गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. ३१ ऑक्टोबर २०१४ ला तर आपल्या पुण्यातच, नऱ्हे-आंबेगाव भागात, पहाटे एक बहुमजली इमारत कोसळली. बहुतेक रहिवासी वेळीच बाहेर पडले म्हणून मोठा अनर्थ टळला, तरी एक तरुण गेलाच. यातल्या एकाही दिवशी भूकंप झालेला नव्हता. इमारत पडायला जमीन हलावीच लागते असं नाही.

मी काय केलं, तर आजीचा प्रश्न घेऊन एजंटकडे गेलो. म्हटलं, या बिल्डिंगचं भोगवटा प्रमाणपत्र आहे का? मंजूर मजले किती आणि बांधलेले किती? एजंटनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "भाऊ, तुला राहायचंय का बिल्डिंग पास करायचीय?" घरमालकांनी तर थेट 'फॅमिलीला द्यायचं ठरलंय' असं सांगून दार लावलं. ती रूम गेली. दुसऱ्या ठिकाणी मात्र एका निवृत्त काकांनी कपाटातून फाईल काढून समोर ठेवली. म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी हे विचारलं." चहा पाजला. भाडं मात्र एक रुपयाही कमी केलं नाही. मी सध्या तिथंच राहतो.

मित्र म्हणतात, असले प्रश्न विचारून काही होत नाही. विद्यार्थ्याचं बजेट ते केवढं, मिळेल ती खोली घ्यायची. हे खोटं नाही. खिशात पाच हजार असताना माणूस फार निवड करू शकत नाही. शिवाय दोन मिनिटं बघून इमारत सुरक्षित आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो. हेही कबूल. पण जरा विचार करा, 'व्हेज का नॉनव्हेज' या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रत्येकाकडे तयार का असतं? कारण प्रत्येक घरमालक तो विचारतो. उद्या रूम बघायला आलेल्या दहापैकी आठ पोरांनी भोगवटा पत्र विचारलं, तर अकराव्याच्या आधी मालक ते शोधून ठेवेल. महापालिकेच्या हद्दीत तीस वर्षं झालेल्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं असा कायदा आहे. पण कायदा फाईलमध्ये झोपलेला असतो, त्याला कुणी तरी हाक मारावी लागते.

आणि विचारून काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी आमच्याच भागातली एक गोष्ट सांगतो. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. सास्तूरसारखी पार कोसळलेली ५२ गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं मिळणार ते जमिनीवर ठरलं : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण त्याहून मोठं काम होतं जिथल्या तिथं घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करण्याचं. ते काम हजारावर गावांत चाललं होतं आणि मालकांनी स्वतःच करून घ्यायचं होतं. तिथं 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहाय्यक' म्हणून तयार केलं गेलं. भिंतीत आरपार दगड कुठं हवा, दारा-खिडकीवरून सलग काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा, हे त्या शिकल्या आणि गावाला समजावून सांगू लागल्या. त्यातल्या कित्येकींनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्या गवंड्याला विचारू शकतात, पट्टा कुठाय म्हणून. आणि आपण? चार वर्षं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, अप्लाइड मेकॅनिक्स, थिअरी ऑफ मशिन्स... आणि रूम बघायला गेल्यावर आपला पहिला प्रश्न, वायफायचा स्पीड काय?

आमच्या गावाकडचंही सगळं गोड आहे असं नाही. वर्षं सरली तशी भीती ओसरली. नव्या घरांच्या शेजारी लोकांनी गरजेपुरत्या वाढीव खोल्या काढल्या, पट्टा नाही, काही नाही, जमेल तशा. शेवटी २५० चौरस फुटांत वाढतं कुटुंब मावत नाही. आठवण माणसाला फार वर्षं सावध ठेवत नाही, हे मी भूकंपवाल्यांच्याच गावात बघतोय. म्हणून तर सवय लागते. प्रश्न विचारायची सवय.

तेव्हा सर आणि मॅडम, आमच्या काही मागण्या. खर्चाच्या नाहीत, घाबरू नका. एक, हॉस्टेलच्या रूममधली लोखंडी कपाटं पलंगाच्या डोक्याशी उभी आहेत, ती भिंतीला पक्की करता येतील का? दोन, मागच्या जिन्यात मोडक्या खुर्च्या आणि गाद्यांचा ढीग आहे, तो हलवून तो जिना खरंच जिना म्हणून वापरता येईल का? तीन, ३० सप्टेंबरला तासभर काढून सिव्हिलच्या सरांनी सगळ्या ब्रँचच्या पोरांना आपल्याच हॉस्टेलभोवती फिरवावं. हा कॉलम, हा बीम, ही भेग साध्या प्लॅस्टरची आणि ही भेग काळजी करण्यासारखी, हे बोट ठेवून दाखवावं. कॉम्प्युटरवाल्यांनाही आणा. छप्पर डोक्यावर पडताना ब्रँच विचारत नाही.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एवढंच. पुढच्या टर्मला रूम बघायला जाल, तेव्हा लिफ्टकडे पळण्याआधी दोन मिनिटं पार्किंगमध्ये थांबा. खांबांकडे बघा. कुठं काँक्रीट फुटून गंजलेली सळई डोकावतेय का? वर एखादा मजला नंतर चढवल्यासारखा वाटतो का? जिना मोकळा आहे का? मग वर जा आणि भाड्याच्या आधी विचारा, "काका, भोगवटा पत्र आहे ना?" एजंट हसेल. हसू दे. गीझरचं, पाण्याचं आणि वायफायचं त्यानंतर विचारा की, तुम्हाला कोण नको म्हणतंय!